पुरवणीची गाठ

घंटा झाली तेव्हा पद्मजा मगदूमच्या बोटांना दोरा गुंडाळला गेला होता आणि ती रडायच्या बेतात होती. नववीच्या वार्षिक परीक्षेतला बीजगणिताचा पेपर होता. पर्यवेक्षणाला आलेल्या बाई एकेक बाक रिकामा करत आमच्याकडे सरकत होत्या आणि ज्याची पुरवणी बांधलेली नसेल त्याची घेणार नाही, असं बजावत होत्या. पद्मजानं गाठ मारली की ती सुटायची, पुन्हा मारली की पुन्हा सुटायची. अ तुकडीतला पहिला नंबर कधी न सोडलेली मुलगी, पण वीतभर दोऱ्यापुढं तिनं हात टेकले होते.

"आण हिकडं," मी म्हटलं.

माझीही बांधायची राहिली होतीच. दोघींचे पेपर मी पुढ्यात ओढले, पुरवण्या आत सरकवल्या, भोकांतून दोरा घातला आणि दोन गाठी आवळल्या. मागावरचा धागा तुटला की आमच्याकडे मारतात ती गाठ. डोळ्याचं पातं लवायच्या आत बसते आणि ओढाल तेवढी घट्ट होते. माझे वडील यंत्रमागावर कामगार, आई तिथंच कांड्या भरायची, म्हणजे मागावर इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यात घालायच्या सुताच्या नळ्या. मला ही गाठ बाराखडीच्या आधी येत होती. बाई येऊन पोचल्या तेव्हा दोन्ही पेपर तयार होते. पद्मजा म्हणाली, "थँक्यू गं. आज माझं काही खरं नव्हतं." डॉक्टर मगदूमांची मुलगी माझ्याशी बोललेलं हे पहिलंच वाक्य. मी तरंगत घरी गेले.

आता एका बाकावर अ तुकडीची हुशार मुलगी आणि ड तुकडीची छाया दिवटे कशी, तर ती परीक्षेपुरती सोय. मैत्रिणी-मैत्रिणींनी एकमेकींचं बघू नये म्हणून शाळा दोन तुकड्यांची मुलं मिसळून बसवायची. एरवी आमचं आणि अ तुकडीचं तोंड वेगळ्या दिशेला. तुकड्या मार्कांवर पाडलेल्या. अ म्हणजे दुधावरची साय आणि ड म्हणजे पातेल्याच्या तळाला लागलेली खरवड. मला स्वतःला खरवड सायीपेक्षा आवडते, पण शाळेचं मत तसं नव्हतं.

शाळेच्या फाटकावर दर जूनमध्ये नवा फलक लागायचा: दहावीचा निकाल शंभर टक्के. तो शंभर कसा होतो हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. जे बुडतील असं वाटेल त्यांना नववीतच चाळणीला लावायचे. नापास झालं की पालकांना बोलावून दाखला हातात द्यायचा आणि गोड आवाजात सांगायचं, की सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा, पोरीचं वर्ष वाचेल. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला आधीच सांगून ठेवलं होतं. रागानं नाही, भाकरी मोडता मोडता. "पास झालीस तर धावी कर, छाया. मी काय आडवा येत न्हाई. पर शाळंनं काढलं तर मग आईच्या शेजारचं मशीन मोकळं हाय." बाहेरून बसून कोण कधी पास झालं होतं आमच्या गल्लीत? सगळ्या त्या मशीनवरच बसल्या होत्या.

माझं पाणी गणितात खोल होतं. इतर विषयांत मी कशीबशी तरले असते, पण गणित उगारे सरांकडे होतं, अ तुकडीचंही आणि आमचंही. सर वाईट नव्हते, हे आधीच सांगते. शाळा सुटल्यावर थांबून शिकवायचे, कुणाकडून एक पैसा न घेता. खडूची भुकटी त्यांच्या भुवयांवर बसलेली असायची. फक्त आमच्या वर्गात आले की त्यांचा आवाज अर्धा व्हायचा. फळ्यावर गणित मांडायचे, स्वतःच सोडवायचे आणि पुसता पुसता म्हणायचे, "पालथ्या घड्यावर पाणी." अ तुकडीतल्या मुलांना ते नावानं हाक मारायचे. आम्ही सगळे आडनावं होतो.

त्यातून माझ्यावर त्यांचा खास राग. सहामाहीच्या परीक्षेला ते आमच्या वर्गावर पर्यवेक्षक होते. आता आमच्या मागांच्या शेडमधली गोष्ट अशी, की माग चालू असताना शेजारी उभं राहून बेंबीच्या देठापासून ओरडलं तरी ऐकू जात नाही. तिथं माणसं ओठांवरून बोलतात. आवाज काढायचाच नाही, नुसते ओठ हलवायचे, समोरच्याला बरोबर कळतं. आई पलीकडच्या टोकाला बसून दादांना सांगायची की आमटीत मीठ जास्त पडलंय, आणि दादा इकडून मान डोलवायचे. मलाही तीच सवय. परीक्षेत मी दोन बाक पलीकडच्या मैत्रिणीला नुसत्या ओठांनी म्हटलं, की जाताना थांब, सोबत जाऊ. सरांनी पाहिलं, पेपर काढून घेतला आणि पाव तास उभं केलं. मी सांगत होते, पण चोराच्या उलट्या बोंबा असंच त्यांना वाटलं असणार. त्या दिवसापासून मी कॉपीवाली झाले.

तर वार्षिकनंतर पंधरा दिवसांनी पेपर दाखवायचा दिवस आला. निकालपत्रक पक्कं व्हायच्या आधी मुलांनी बेरजा तपासून घ्याव्यात, अशी आमच्या शाळेची पद्धत होती. चित्रकलेच्या मोठ्या हॉलमध्ये अ आणि ड दोन्ही तुकड्या बसवल्या, ते पुढं, आम्ही मागं. सरांनी आधी अ चा गठ्ठा सोडला. पद्मजाला हाक मारून पेपर दिला आणि वर म्हणाले, "बहात्तर. पुरवणीतलं शेवटचं गणित सगळ्यांनी बघून घ्या हिचं. पुस्तकातली रीत नाही, स्वतःची आहे. याला म्हणतात डोकं." पद्मजा लाजली आणि पेपर न उघडताच जागेवर जाऊन बसली. एवढे मार्क मिळालेला माणूस आत कशाला बघतो?

आमचा गठ्ठा सर हाक न मारता वाटत गेले. माझा पेपर बाकावर पडला. पंचाहत्तरपैकी एकवीस. पास व्हायला सव्वीस लागायचे. डोळ्यांपुढं आईच्या शेजारचं मशीन दिसायला लागलं. तरी बेरीज बघायची म्हणून पानं उलटली. मुख्य पेपरात सतरा, आणि पुरवणीतल्या तीन गणितांना मिळून बारापैकी चार. तिन्ही गणितं मला आल्यासारखी वाटली होती, म्हणून पुरवणी उघडली.

अक्षर माझं नव्हतं. बारीक, तिरपं, एका ओळीत ओवलेल्या मण्यांसारखं. उत्तरं तिन्ही बरोबर होती. आणि त्यांच्यावरून लाल शाई फिरली होती. पहिल्या गणिताशेजारी लिहिलं होतं, "पायऱ्या कुठे?" दुसऱ्याशेजारी नुसतं प्रश्नचिन्ह. तिसऱ्याखाली लिहिलं होतं, "उत्तर कुठून आणलं? शेजारून?"

मी त्या दोऱ्याकडं बघितलं. गाठ माझीच होती. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की घाईत मी तिची पुरवणी मला बांधली आणि माझी तिला.

तिथंच हात वर करून सांगायला हवं होतं, असं आता कुणीही म्हणेल. पण ड तुकडीच्या कॉपीवाल्या मुलीनं उठून सांगायचं, की पहिल्या नंबरच्या मुलीच्या पेपरात सर ज्याला डोकं म्हणाले ते माझं आहे? हॉल हसून आडवा झाला असता. मी मधल्या सुट्टीपर्यंत दम धरला आणि पाण्याच्या टाकीजवळ पद्मजाला गाठलं. पेपर अजून आमच्याच हातात होते, सुट्टीनंतर परत द्यायचे होते.

"तुझी पुरवणी उघडून बघ," मी म्हटलं.

तिनं उघडली. माझं अक्षर म्हणजे गवतात उंदीर पळाल्यासारखं. ती ते वाचत राहिली, मग समासातला सरांचा शेरा वाचला, "वेगळी रीत. छान." मी माझ्या पेपरातली पुरवणी तिच्यापुढं धरली. स्वतःचं अक्षर तिनं लगेच ओळखलं. लाल शाई वाचायला मात्र तिला वेळ लागला. 'शेजारून' या शब्दावर तिचं बोट थांबलं, आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. जन्मात तिला असं कुणी विचारलं नव्हतं.

"पण मी तर कुणाचंच बघितलं नाही," ती म्हणाली.

"मला ठावं हाय. मी शेजारी हुते."

ती दोन्ही पुरवण्यांवरचे आकडे पुन्हा पुन्हा बघत राहिली. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला कळत होतं. तिच्या नावावरचे बारा गेले आणि तिचे म्हणून हे चार बसले, की पहिला नंबर गेला. तिच्या आईनं तर पेढेही सांगून ठेवले असतील. तिनं नाही म्हटलं असतं तर मी काहीही करू शकले नसते, आणि तिला ते माहीत होतं. शेवटी तिनं दोन्ही पेपर एकावर एक ठेवले आणि म्हणाली, "चल." एवढंच. मला ती त्या दिवशी फार आवडली, आणि आजही आवडते.

शिक्षकांच्या खोलीत सर डबा खाऊन हात पुसत होते. पद्मजानं सगळं सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि हसले.

"पद्मजा, मन मोठं असावं, पण इतकं नव्हे. मैत्रिणीला वाचवायचं म्हणून खोटं बोलू नये."

"सर, हे अक्षर माझं आहे. तुम्ही वर्षभर बघताय."

सरांनी चष्मा लावला. दोन पुरवण्या शेजारी शेजारी ठेवल्या, दोन मुख्य पेपर त्यांच्यावर धरले. अक्षर काही लपत नव्हतं. हसू ओसरलं. पलीकडच्या टेबलावर पर्यवेक्षणाच्या त्याच बाई बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, की परीक्षेत दुसरीच्या पेपरला हात लावणं हा गैरप्रकार होतो, नियम तसाच आहे, आणि ही दिवटे सहामाहीलाही सापडली होती ना. त्या म्हणाल्या ते नियमाला धरूनच होतं. नापास होणं वेगळं आणि कॉपीच्या शेऱ्यासह दाखला मिळणं वेगळं.

सरांनी दोन्ही पुरवण्या पुढ्यात ओढल्या. माझ्या पुरवणीवर बोट ठेवून विचारलं, "दिवटे, हे गवंड्याचं गणित तू सोडवलंस?"

"व्हय, सर."

"सांग बघू कसं."

एक गवंडी भिंत दहा दिवसांत बांधतो, दुसरा पंधरा दिवसांत, तर दोघं मिळून किती दिवसांत, असं ते गणित होतं. पुस्तकात त्याला क्ष मानून समीकरण मांडायचं होतं. मला क्ष ची भीती वाटायची. मी म्हटलं, "भिंत केवढी ते दिल्यालं न्हाई, सर. मग मी तीस हात धरली. तीस धाच्या पाढ्यात बी हाय आन् पंधराच्या बी. पयला गवंडी रोज तीन हात बांधतुय, दुसरा दोन हात. दोघांचं मिळून पाच. तीस हाताला सा दिवस."

"भिंत तीस हात धरायची हे कुणी शिकवलं?"

"कुणी न्हाई. घरात कापडाचा अंदाज असाच धरत्यात. आधी सोपं पडंल तेवढं कापड धरायचं."

सरांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. मग पद्मजाला म्हणाले, की बरं झालं सांगितलंस, हिचे बारा हिला जातील, आणि तू काळजी करू नकोस, तुझीही तिन्ही उत्तरं बरोबर आहेत, तुझे बारा तुला आहेतच.

त्यावर पद्मजानं जे विचारलं ते तिनं सरांना टोचायला विचारलं नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं.

"पण सर, माझ्या पुरवणीला चार मिळालेत."

"ते तुला नव्हते मिळाले. ते हिला..." सर बोलायचे थांबले.

"उत्तरं तर माझीच होती ना?"

बाई वहीत डोकं घालून बसल्या. सर त्या दोन पुरवण्यांकडं बघत होते, एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं, आणि त्यांच्या चेहऱ्याकडं बघवत नव्हतं. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट वाटलं, आपण इथं नसतो तर बरं झालं असतं. वडीलधाऱ्या माणसाचं धोतर सुटलेलं दिसावं तसं ते होतं.

पुरवण्या सोडवायला म्हणून त्यांनी दोरा धरून ओढला. गाठ आणखी आवळली. त्यांनी नखानं प्रयत्न केला, मग खणातून ब्लेड काढलं. मी म्हटलं, "कापू नका सर, पान फाटंल," आणि त्यांच्या हातातून पेपर घेतला. ती गाठ ओढून सुटत नाही. दोऱ्याचं टोक मागं दुमडून आत ढकललं की आपसूक सैल पडते. मी दोन्ही पुरवण्या सोडल्या, ज्याच्या त्याला लावल्या, पुन्हा बांधल्या आणि समोर ठेवल्या. सर माझ्या बोटांकडं बघत होते. "जा आता," ते म्हणाले. "काय ते निकालाच्या दिवशी कळेल." माझे बारा कायम राहणार की त्यावर कॉपीचा शेरा बसणार, ते काही बोलले नाहीत.

निकालाच्या दिवशी आम्ही सगळे फाटकाशी जमलो, तर तिथं सूचना होती: नववीचा निकाल पुढं ढकलला आहे. का, ते लिहिलं नव्हतं. माझ्या मनानं घेतलं, की हे माझ्यामुळंच, शेरा द्यायचा तर वरपर्यंत कागद जात असतील. घरी कुणाला सांगायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "रिकामी बसून काय करतीस? चल, हात चालव जरा." मी तिच्या शेजारच्या मशीनवर बसले आणि कांड्या भरायला लागले. हात आपोआप चालत होते, त्याचंच जास्त रडू येत होतं. शेडमध्ये एक बरं असतं, रडलेलं ऐकू जात नाही. दिसतं मात्र. आईनं पाहिलं आणि ओठांनीच म्हणाली, "गप."

तिसऱ्या दिवशी दुपारी उगारे सर शेडच्या दारात उभे राहिले.

मी त्यांना शाळेच्या बाहेर कधी पाहिलं नव्हतं. उन्हानं चेहरा रापलेला, हातात सायकलची किल्ली. दोन्ही बाजूंनी माग धडाडत होते आणि मधल्या अरुंद वाटेनं ते अंग चोरून आत येत होते, धोटा उडून लागेल की काय अशा धास्तीनं. माझ्या हातातली कांडी खाली पडली. आईनं पदर सावरला. दाखला हातात द्यायला मास्तर घरापर्यंत येतात हे काही कुणी ऐकलेलं नव्हतं, पण दुसरं काय कारण असणार? दादांनी हात कपाळाला लावून नमस्कार केला आणि आपला माग बंद करायला निघाले. सरांनी खुणेनं नको म्हटलं. एक माग बंद करून होणार काय? बाकीचे अठरा चालूच होते.

सर दादांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "छाया पास झाली. एकोणतीस मार्क. दहावीला आमच्याकडेच बसेल."

छाया म्हणाले ते. दिवटे नाही. मला ते ओरडणं ऐकू आलं की ओठांवरून कळलं, हे आजही सांगता येणार नाही. आईनं दोन्ही हात जोडले आणि ती सरांकडं न बघता छताकडं बघत राहिली. दादांचा चेहरा असा उजळला, की मी तो तसा पुन्हा माझ्या लग्नातही पाहिला नाही.

निकाल का लांबला ते सगळं पुढं कळलं, ते इथंच सांगून टाकते. सरांनी दोन्ही तुकड्यांचे गठ्ठे परत घरी नेले होते. त्यांच्या मिसेसनी प्रत्येक पेपरचं नावाचं पहिलं पान मागं दुमडून टाचणी लावली, दोन्ही गठ्ठे एकत्र मिसळले, आणि सरांनी सगळं पहिल्यापासून तपासलं. ज्यांना दाखले द्यायचे त्यांची नावं त्यांनी आधीच मुख्याध्यापकांकडं दिली होती. माझ्यासकट जे चौघं आता पास होत होते त्यांची नावं ते स्वतः जाऊन परत मागून आले, त्यासाठी चार शब्द ऐकूनही घेतले, आणि मग चारही घरी सायकलवर फिरले. पायऱ्या गाळल्याचे मार्क त्यांनी या खेपेला सगळ्यांचेच कापले. पद्मजाला बारापैकी नऊ मिळाले आणि तिचा पहिला नंबर गेला. तिच्या आईनं शाळेत येऊन भांडण काढलं. पद्मजा म्हणाली, "राहू दे आई, पायऱ्या मी खरंच लिहिल्या नव्हत्या." पुढं ती डॉक्टर झाली. माझी दोन्ही बाळंतपणं तिच्याच हातची.

पण शेडमधली गोष्ट अजून संपलेली नाही.

सर जायला वळले. दादा त्यांना सोडायला दारापर्यंत निघाले, मीही मागून. मागांच्या मधोमध, जिथं आवाज सगळ्यात जास्त असतो, तिथं सर थांबले. दादांकडं तोंड करून उभे राहिले. पण आता ते कानाशी वाकले नाहीत आणि ओरडलेही नाहीत. त्यांनी मान थोडी खाली घातली आणि हळू आवाजात, म्हणजे आवाज असलाच तर, काहीतरी म्हणाले. त्या जागेवर ते ऐकू जाणार नाही हे शाळेतल्या माणसालाही कळत होतं. मला वाटतं, म्हणूनच त्यांनी ती जागा निवडली. मी दादांच्या शेजारीच होते आणि मला त्यांचे ओठ समोर दिसत होते.

ते म्हणाले, "नाव बघून तपासत होतो. इतकी वर्षं. माझं चुकलं."

मी दादांकडं पाहिलं. मला वाचता आलं ते त्यांना न यायला काय झालं? त्यांचा जन्म त्या आवाजात गेला होता. दादांनी सरांच्या चेहऱ्याकडं क्षणभर बघितलं, मग हात कानामागं धरला, आणि अडाणी माणसासारखं तोंड करून मोठ्यानं ओरडून विचारलं, "काय म्हनलासा, सर? मागाच्या आवाजात काय बी ऐकू येत न्हाई बगा."

सरांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. "काही नाही," ते ओरडले, "अभ्यास कर म्हणावं तिला." दादा मान डोलवून हसले. सर सायकलवर बसले आणि निघून गेले.

परत येताना गल्लीभर सांगत सुटावं असं वाटत होतं, की उगारे सर माझ्या बापापुढं चुकलो म्हणाले. मी दादांच्या मागासमोर जाऊन उभी राहिले आणि ओठांनी विचारलं, "दादा, सर आत काय म्हणाले?"

"पास झालीस म्हनाले," दादांचे ओठ म्हणाले.

"त्येच्या नंतर?"

एक धागा तुटला होता. दादांनी माग थांबवला, गाठ मारली, वरची शेपटी नखानं खुडली आणि माग परत चालू केला. मग माझ्याकडं बघून सावकाश, एकही अक्षर सुटू नये असे ओठ हलवले.

"त्ये त्येंनी ऐकू जाऊ नये म्हनून म्हनलं, छाया. मग आपन ऐकायचं नसतं."